चेंग फेई : उडीला मिळालेलं नाव आणि कांस्यपदकाचा हिशोब

आज आपण एका चिनी जिम्नॅस्टची कारकीर्द समजून घेणार आहोत. नाव थोडं अनोळखी वाटेल, पण तिची उडी आपल्यापैकी अनेकांनी बघितलेली आहे, हे आधी सांगायला हवं.

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवून बघा. रिओ ऑलिंपिक, महिलांच्या व्हॉल्टची अंतिम फेरी. त्रिपुराची दीपा कर्माकर या फेरीत होती आणि आपण सगळे तिच्यासाठी टीव्हीसमोर जागे होतो. दीपाला १५.०६६ गुण मिळाले, चौथा क्रमांक आला, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. सुवर्ण अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला गेलं. त्या फेरीत बाइल्सने ज्या दोन उड्या मारल्या, त्यातल्या एकीचं नाव आहे 'चेंग'. आपलं लक्ष दीपाकडे असल्यामुळे ही चेंग कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसेल. आज त्या प्रश्नाचं उत्तर शोधूया.

चेंग हे आडनाव. चिनी पद्धतीत आडनाव आधी येतं, म्हणून चेंग फेई. जन्म २९ मे १९८८, हुबेई प्रांतातल्या ह्वांगशी शहरातला. तिच्या नावावर पाच जागतिक सुवर्णपदकं आहेत, ऑलिंपिकचं एक सांघिक सुवर्ण आहे, दोन कांस्य आहेत. यादी म्हणून हे छानच आहे. पण त्यातलं एक कांस्य असं आहे की त्यावर आजही वाद घातला जातो. तो वाद समजून घेतला तर या खेळात गुण कसे दिले जातात आणि खेळाडूकडून काय मागितलं जातं, हे दोन्ही कळतं.

व्हॉल्ट म्हणजे नेमकं काय

आधी उपकरण बघूया. जास्तीत जास्त २५ मीटर धाव, शेवटी स्प्रिंगबोर्ड, आणि त्यापलीकडे व्हॉल्टचं टेबल. महिलांसाठी त्याची उंची १२५ सेंटीमीटर असते. खेळाडू धावत येते, बोर्डवरून उसळते, हातांनी टेबलाला धक्का देते, हवेत कोलांट्या आणि गिरक्या घेते आणि पलीकडे पायांवर उतरते. हात टेबलावरून सुटल्यापासून पाय मॅटला लागेपर्यंत जेमतेम एक सेकंद जातो. बीमवर किंवा फ्लोअरवर दीड मिनिटाचा प्रयोग असतो, एखादी चूक झाली तर पुढे सावरायला वाव असतो. व्हॉल्टवर तो वाव नाही.

आता चेंगची उडी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघाच्या नतालिया युरचेन्कोने एक नवी पद्धत रूढ केली. धावत येऊन बोर्डच्या आधीच राउंड-ऑफ करायचा, म्हणजे बोर्डवर पाय पडतात तेव्हा पाठ टेबलाकडे असते. त्यामुळे वेग जास्त मिळतो, पण टेबल दिसत नाही. चेंग फेईची उडी इथून सुरू होते. ती राउंड-ऑफ करून बोर्डवर येते, टेबलाला हात लागण्याआधीच अर्धी गिरकी घेते, म्हणजे मागे असलेलं टेबल आता समोर येतं. मग हातांनी धक्का देऊन शरीर सरळ ठेवून पुढची कोलांटी, आणि त्या एका कोलांटीत दीड गिरकी.

शरीर सरळ ठेवून, हा भाग महत्त्वाचा आहे बरं का. गुडघे पोटाशी घेतले की शरीर पटकन फिरतं. सरळ शरीर फिरवायला जास्त उंची आणि जास्त जोर लागतो. म्हणजे या उडीला पायांची ताकद लागते, खांद्यांचा धक्का लागतो आणि दिशेचं पक्कं भानही लागतं, कारण शरीर एका सेकंदात दोन अक्षांवर फिरत असतं.

चीनच्या संघाला पाय हवे होते

ही उडी एका चिनी मुलीने आणली याचं महत्त्व कळण्यासाठी थोडा मागचा इतिहास बघावा लागेल. चीनच्या महिला जिम्नॅस्ट नावाजल्या त्या बार्स आणि बीमवर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मा यानहोंगने अनइव्हन बार्सचं सुवर्ण मिळवलं, अमेरिकेच्या ज्युलियान मॅकनमाराबरोबर विभागून. १९९२ ला बार्सिलोनात लू लीने त्याच उपकरणावर पूर्ण १० गुण घेऊन सुवर्ण जिंकलं. २००० ला सिडनीत लिऊ श्वानने बीम जिंकला. हलकी हालचाल, अचूकपणा, लवचीकता ही या शैलीची ओळख होती.

व्हॉल्ट आणि फ्लोअर या दोन उपकरणांवर मात्र पायांचा जोर चालतो. तिथे अमेरिका, रोमानिया, रशिया पुढे असायच्या. आणि सांघिक स्पर्धेत चारही उपकरणांचे गुण एकत्र मोजले जातात. अंतिम फेरीत प्रत्येक उपकरणावर तीनच खेळाडू उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. म्हणजे बार्सवर कमावलेलं व्हॉल्टवर घालवलं, तर शेवटी हातात काही उरत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये चीनचा महिला संघ सातवा आला.

व्हॉल्टशी चीनची आणखी एक आठवण जोडलेली आहे, आणि ती दुःखाची आहे. १९९८ साली न्यूयॉर्कमधल्या गुडविल गेम्समध्ये सांग लान ही सतरा वर्षांची चिनी जिम्नॅस्ट स्पर्धेआधीच्या सरावात व्हॉल्टवरून मानेवर पडली. मानेच्या मणक्याला इजा झाली आणि छातीखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. ती या उपकरणावरची चीनची आघाडीची खेळाडू होती. २००१ पासून जुन्या अरुंद घोड्याऐवजी आजचं रुंद टेबल आलं, हातांना जागा जास्त मिळाली. तरीही धोका संपला असं कुणी म्हणणार नाही. व्हॉल्टवर काठिण्य वाढवायचं म्हणजे काय पणाला लावायचं, हे त्या पिढीच्या प्रत्येक चिनी मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकाला माहीत होतं. त्या अपघाताच्या वेळी चेंग फेई दहा वर्षांची होती.

मेलबर्न ते श्टुटगार्ट

हुबेई प्रांताला जिम्नॅस्टिक्सची परंपरा आहे. १९९६ चा ऑलिंपिक ऑल-अराउंड विजेता ली श्याओश्वांग आणि २००८ चा विजेता यांग वेई, दोघेही याच प्रांतातले. चीनमध्ये लहान वयात क्रीडाशाळा, तिथून प्रांताचा संघ, तिथून बीजिंगला राष्ट्रीय संघ, अशी चढण असते. चेंग फेई याच वाटेने आली.

२००५ साली मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांच्या चेंगने ती उडी मारली आणि व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. व्हॉल्टची जागतिक विजेती झालेली ती पहिली चिनी महिला. या खेळात नियम असा आहे की एखादं नवं कौशल्य आधी नोंदवून मान्यताप्राप्त मोठ्या स्पर्धेत यशस्वीपणे करून दाखवलं, की ते नियमावलीत त्या खेळाडूच्या नावाने जातं. म्हणून ही उडी 'चेंग' झाली.

नेमकी याच सुमाराला गुणांची पद्धत बदलली. अथेन्समध्ये गुणांवरून बरेच वाद झाले होते, आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने पूर्ण १० ची जुनी पद्धत मोडीत काढली. आता गुण दोन भागांत. एक काठिण्याचा, म्हणजे तुम्ही किती अवघड गोष्ट करताय. दुसरा सादरीकरणाचा, तो १० पासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे कमी होत जातो. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे गुण.

या बदलाचा अर्थ काय? जुन्या पद्धतीत १० हे छत होतं. सोपी उडी निर्दोष मारणारी आणि अवघड उडी थोडी चुकवणारी, दोघींच्या गुणांतलं अंतर फार वाढू शकत नव्हतं. नव्या पद्धतीत काठिण्याला मोकळं रान मिळालं. चेंगच्या उडीला काठिण्याचे ६.५ गुण होते, त्या काळातल्या सर्वांत वरच्या मूल्यांपैकी एक. म्हणजे तिची ताकद आणि नवे नियम अगदी एकाच वेळी आले.

२००६ ला डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे तिने तीन सुवर्णपदकं जिंकली. व्हॉल्ट, फ्लोअर आणि सांघिक. महिलांचं सांघिक जागतिक विजेतेपद चीनला पहिल्यांदाच मिळालं, अमेरिका दुसरी आणि रशिया तिसरी. दोन वर्षांपूर्वी सातवा असलेला संघ! अर्थात हे एकटीचं काम नव्हतं. पण जिथे चीनचे गुण गळायचे, त्याच दोन उपकरणांवर आता जगातली सर्वोत्तम खेळाडू चीनकडे होती. २००७ ला श्टुटगार्टमध्ये संघाला रौप्य मिळालं, आणि चेंगने सलग तिसऱ्यांदा व्हॉल्ट जिंकला.

इथे आणखी एका मुलीची ओळख करून घेऊ, कारण पुढे ती लागणार आहे. अमेरिकेची अलिशिया साक्रमोनी. या तीनही वर्षी व्हॉल्टच्या पदकमंचावर ती चेंगच्या शेजारी होती. २००५ ला कांस्य, २००६ ला रौप्य, २००७ ला पुन्हा कांस्य.

बीजिंग, ऑगस्ट २००८

घरचं ऑलिंपिक. चेंग वीस वर्षांची, संघाची कर्णधार. बाकीच्या पाचजणी तिच्याहून लहान होत्या : यांग यीलिन, हे कशिन, जियांग युयुआन, डंग लिनलिन आणि ली शानशान. १३ ऑगस्टला सांघिक अंतिम फेरी झाली. चीन १८८.९००, अमेरिका १८६.५२५, रोमानिया १८१.५२५. चीनच्या महिला संघाचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. नंतर या संघातल्या काही मुलींच्या वयावरून शंका घेतल्या गेल्या, महासंघाने चौकशी केली आणि निकाल कायम ठेवला. चेंगच्या वयाचा प्रश्नच नव्हता.

चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, व्हॉल्टची अंतिम फेरी. तीन वेळची विश्वविजेती, घरचे प्रेक्षक. सगळा देश सुवर्ण धरूनच चालला होता.

व्हॉल्टच्या वैयक्तिक अंतिम फेरीचा नियम असा की दोन वेगवेगळ्या गटांतल्या दोन उड्या माराव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरली जाते. एकच हुकमी उडी असून भागत नाही. चेंगची पहिली उडी तिचीच, 'चेंग'. ती चांगली झाली. दुसऱ्या उडीवर ती उतरताना गुडघ्यांवर आली.

निकाल असा लागला. उत्तर कोरियाची होंग उन-जोंग १५.६५०, सुवर्ण. जर्मनीकडून खेळणारी तेहतीस वर्षांची ओक्साना चुसोव्हितिना १५.५७५, रौप्य. चेंग फेई १५.५६२, कांस्य. अलिशिया साक्रमोनी १५.५३७, चौथी.

या आकड्यांकडे जरा शांतपणे बघूया. त्या वेळच्या नियमात पडल्याची वजावट ०.८ होती. दोन उड्यांची सरासरी असल्यामुळे एका उडीवरच्या ०.८ चा अंतिम गुणांवर परिणाम होतो निम्मा, म्हणजे ०.४. फक्त गुडघे टेकले नसते, बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर चेंगचे गुण १५.९६२ झाले असते. होंगच्या ०.३ हून जास्त पुढे. एवढी आघाडी हाताशी असताना सुवर्ण गेलं ते त्या एका क्षणात.

त्याच दिवशी फ्लोअरच्या अंतिम फेरीतही ती पडली आणि सातवी आली. एकाच दिवसात दोन पडझडी, त्याही ज्या दोन उपकरणांवर ती विश्वविजेती होती तिथेच. दोन दिवसांनी बीमची फेरी होती. बीम म्हणजे दहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी. मन थोडं जरी मागे रेंगाळलं तरी पाय घसरतो. तिथे तिने १५.९५० गुण घेतले आणि शॉन जॉन्सन, नास्तिया ल्यूकिन यांच्या पाठोपाठ कांस्य मिळवलं. तिच्या कारकिर्दीतलं हे पदक फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. आपल्या मते ते लक्षात ठेवायला हवं.

पडूनही पदक : हे बरोबर होतं का?

या व्याख्यानासाठी जे प्रश्न आले त्यात हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला. जी पडली तिला कांस्य, आणि जी दोन्ही वेळा पायांवर उतरली ती चौथी. हे कसं काय? प्रश्न रास्त आहे.

पंचांनी काही लपवून केलं असं मानायची गरज नाही. गणित साधं आहे. साक्रमोनीच्या उड्यांचं काठिण्य कमी होतं, चेंगचं जास्त. पडल्याचा दंड काठिण्याच्या त्या आघाडीपेक्षा लहान पडला, आणि ०.०२५ गुणांनी पदक चेंगकडे गेलं. नियम जसे होते तसाच निकाल लागला.

मग प्रश्न नियमांना विचारायचा. अवघड उडी अर्धवट मारण्याला नियम किती बक्षीस देतात? २००९ पासून महासंघाने पडल्याची वजावट ०.८ वरून १.० केली. आता तोच हिशोब नव्या दंडाने करून बघा. एका उडीवर ०.२ जास्त, सरासरीत ०.१ जास्त. चेंगचे गुण १५.४६२ होतात आणि साक्रमोनी तिच्या पुढे जाते. म्हणजे तीच उडी, तेच गुडघे, पण पुढच्या वर्षीच्या नियमांत पदक दुसरीच्या गळ्यात.

दंड हा नुसता शिक्षेचा भाग नसतो. खेळाडू आणि प्रशिक्षक कोणती उडी निवडणार, हे त्यावर ठरतं. दंड हलका असेल तर न पेलणारी उडीही मारून बघण्यात फायदा दिसतो. आणि ती न पेलणारी उडी म्हणजे काय असू शकतं, हे सांग लानच्या अपघाताने दाखवलेलंच आहे. म्हणून गुणांच्या या कोष्टकाकडे केवळ हिशोब म्हणून बघता येत नाही. त्या दशांशांच्या मागे मुलींच्या माना आणि मणके असतात.

दुसरी बाजूही मांडायला हवी. काठिण्याला किंमत दिली नसती, तर चेंगसारख्या मुलीने ही उडी शिकायला वर्षं घातलीच नसती. खेळ पुढे जातो तो अशाच लोकांमुळे. या दोन गोष्टींमधला तोल एकदाच साधून मोकळं होता येत नाही. महासंघ ऑलिंपिकच्या दर चार वर्षांच्या आवर्तनात नियमावली नव्याने काढतो, आणि त्यात उड्यांची मूल्यं पुन्हा तपासली जातात.

त्यानंतर

चेंगला लंडन २०१२ खेळायचं होतं. पण २०११ साली चीनच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. ज्या पायांवर सगळी कारकीर्द उभी होती, नेमका त्यांचाच हा भाग. ती लंडनला गेली नाही आणि तिची कारकीर्द तिथेच थांबली.

साक्रमोनीचं पुढे काय झालं? तिने २०१० ला रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण मिळवलं. आणि २०११ च्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर टोकियोत सराव करताना तिचाही अकिलीस तुटला. चार वेळा व्हॉल्टच्या अंतिम फेरीत एकत्र असलेल्या या दोघींना एकाच वर्षी एकच दुखापत व्हावी! याला योगायोग म्हणता येईल, पण तो पूर्ण योगायोगही नाही. वर्षानुवर्षं त्याच पायांनी बोर्डवर आदळायचं आणि त्याच पायांवर उंचावरून उतरायचं, याची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

चीनच्या संघाचं बघितलं, तर चेंगचं स्थान आणखी स्पष्ट होतं. २००८ नंतर लंडनला संघ चौथा, रिओत कांस्य, टोकियोत सातवा. बार्स आणि बीमवर चीनच्या मुली आजही जगात पहिल्या रांगेत आहेत. पण २००७ नंतर एकाही चिनी महिलेने व्हॉल्टचं जागतिक विजेतेपद मिळवलेलं नाही. म्हणजे ती काही वर्षं ही परंपरा बदलल्याची नव्हती, एका खेळाडूने आपल्या पायांवर पेललेली होती.

उडी मात्र तिच्यासोबत निवृत्त झाली नाही. होंग उन-जोंगने ती मारली. बाइल्सने रिओत मारली, २०२४ ला पॅरिसमध्येही मारली आणि दोन्ही वेळा सुवर्ण जिंकलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या रेबेका आंद्राजीने व्हॉल्टचं सुवर्ण मिळवलं, तेव्हाही तिच्या दोन उड्यांपैकी एक 'चेंग'च होती. जे ऑलिंपिक सुवर्ण चेंगला व्हॉल्टवर मिळालं नाही, ते तिच्या उडीला तीनदा मिळालं.

पुढच्या ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टची फेरी बघाल तेव्हा एक करून बघा. गुण यायच्या आधी काठिण्याचा आकडा बघा, मग उतरताना पाय कुठे पडले ते बघा, आणि स्वतःच ठरवा की या उडीला किती द्यायला हवेत. समालोचक 'चेंग' म्हणाला, तर नाव कुणाचं ते आता आपल्याला माहीत आहे.

इथे थांबूया. आता आपले प्रश्न घेऊ.